जुनी पिकअप घाटात बसते आणि सकाळी सेल्फ खाते: पंप उतरवायच्या आधी टाकीकडून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2003ची डिझेल पिकअप, सकाळी दहा-बारा वेळा सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही. सपाटीला बरी चालते, पण चिऱ्याचा लोड घेऊन घाट चढायला लागली की अर्ध्यावर हळूहळू बसते. पाच-दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालते. डिझेल फिल्टर बदलून झालाय. गॅरेजवाला म्हणतो पंप (दाबाने इंजिनला डिझेल देणारा मोठा पंप) उतरवावा लागेल. उतरवू का?

इतक्यात नको. पंप बिघडलेला असूही शकतो, पण तुम्ही सांगितलेली लक्षणं पंपाची कमी आणि टाकी ते पंप या रस्त्याची जास्त वाटतात. तो रस्ता तपासायला खर्च जवळजवळ नाही. पंप उघडला की मात्र हजारांतच बोलायचं.

मी मेकॅनिक नाही. रत्नागिरीजवळ पावसला राहतो, अशीच एक म्हातारी पिकअप सोळा वर्षं चालवतोय. सीझनला आंब्याच्या पेट्या, बाकी वर्षभर चिरा, सिमेंट, कधी लग्नाची भांडी. जे लिहितोय ते स्वतःचे पैसे घालवून शिकलेलं आहे.

माझी गाडी बसली ती आंबा घाटात, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात, कोल्हापूरचा माल भरलेला असताना. साखरपा सोडून चढ लागला, तिसऱ्या वळणावर गाडीचा जोर ओसरला, चौथ्या वळणावर ती गपगार. धूर नाही, आवाज नाही, झोप लागल्यासारखी बंद. दहा मिनिटांनी चालू झाली, दोन वळणं चढली, परत बसली. पेट्यांवर ताडपत्री, वर ऊन, आणि आत आंबा पिकतोय हे नाकाला कळतंय. तो घाट मी सहा टप्प्यांत चढलो.

मग शहरातल्या एका वर्कशॉपने पंप उतरवला, कॅलिब्रेशन केलं, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) बदलले, अठरा हजार घेतले. आठ दिवस गाडी बरी चालली आणि नवव्या दिवशी पाली ओलांडताच पुन्हा तेच. आता कळतं की ते आठ दिवस बरे का गेले. पंप बसवताना त्यांनी लाइनमधली (डिझेलच्या पाइपातली) एअर नीट काढली होती आणि टाकी फुल करून दिली होती. मूळ दुखणं होतं तिथेच होतं.

ते सापडलं आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलांना. मिरकरवाड्याच्या बंदरातून चाळीस वर्षं बोटी नेलेला माणूस. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर तिथे टोईंगवाला येत नाही, त्यामुळे डिझेलची लाइन या लोकांच्या हाताला पाठ असते. मी म्हटलं, "काका, कुठे थेंबभर गळत नाही, सगळं कोरडं आहे." ते हसले. "गळत नाय म्हंजे भोक नाय, असं कोण म्हणलं तुला?"

सगळी गोम याच वाक्यात आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत (टाकीतून ओढून मोठ्या पंपाला डिझेल देणारा छोटा पंप) डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. शहाळ्याची नळी मधे चिरलेली असली तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते. तसंच इथे. इंजिन चालू असताना त्या पाइपाला बारीक भोक असेल तर डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत, आणि आत पंपाला डिझेलऐवजी फेस मिळतोय. रात्री गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं. म्हणून सकाळी सेल्फ खाते. घाटात इंजिनला जास्त डिझेल लागतं, ओढ वाढते, हवाही जास्त शिरते. म्हणून तिथे बसते.

काही गाड्यांत फीड पंप बाहेर असतो, काहींत (रोटरी पंपवाल्या) तो मोठ्या पंपाच्या पोटातच असतो. पोटात असेल तर फिल्टरसुद्धा ओढीच्या बाजूला येतो. मग फिल्टरची वरची रबरी रिंग, हँडपंपाचा (एअर काढायला हाताने मारायच्या छोट्या पंपाचा) रबर, बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर हे सगळे संशयित. तुम्ही फिल्टर बदललात असं लिहिलंय. त्रास त्याच्या आधीचा की नंतर वाढला, हे आठवून बघा. जुनी रिंग खाली चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसवली जाते, हा प्रकार मी दोनदा पाहिलाय.

आता फुकटातल्या गोष्टी. त्या आधी करा.

घाटात गाडी बसते तेव्हा मागून धूर कसला येतो ते कुणाला तरी बघायला सांगा. काळाकुट्ट धूर सोडत गाडी बसत असेल तर डिझेल पुरेसं येतंय, हवा कमी पडतेय. मग एअर फिल्टर काढून बघा, टर्बो असेल तर त्याचे रबरी होज बघा. चिरेखाणीवर जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर लाल मातीने किती भरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. पण धूर न सोडता, गुपचूप बसत असेल तर इंजिनला डिझेल मिळत नाही. सकाळी सेल्फ मारतानाही हेच बघा. सायलेन्सरमधून काहीच येत नसेल तर डिझेल नोझलपर्यंत पोचलेलं नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. तो तपास वेगळा: हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग.

दुसरं, गाडी रात्री उतारावर लावा. कोकणात उतार शोधावा लागत नाही. एक रात्र तोंड उताराकडे, एक रात्र तोंड चढाकडे. पिकअपची टाकी मागच्या बाजूला असते, त्यामुळे तोंड खाली असलं की इंजिन टाकीपेक्षा खाली येतं आणि डिझेल लाइनमधून मागे उतरत नाही. तोंड खाली असताना सकाळी पहिल्या सेल्फला चालू आणि तोंड वर असताना दहा सेल्फ, असं झालं तर लाइन हवा घेतेय असं धरून चाला. टाकी फुल असताना त्रास कमी आणि पाव टाकीवर जास्त, हीसुद्धा तीच खूण. टाकीच्या आतली डिझेल ओढणारी नळी वरच्या अंगाला चिरलेली असली तरीही असंच होतं. टाकी भरलेली असते तोवर चीर डिझेलखाली बुडालेली असते, म्हणून कळत नाही.

तिसरं, पुढच्या वेळी घाटात बसली की आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं किंवा टाकीचं श्वासाचं छिद्र बुजलंय. डिझेल बाहेर जातंय, त्या जागी हवा आत येत नाही, टाकीत पोकळी होते आणि पंप ओढून ओढून थकतो. हे छिद्र चिखलाने बुजतं, गंजाने बुजतं, आणि आपल्याकडे कुंभारीण माशीही बुजवते. एका शेजाऱ्याच्या गाडीच्या ब्रीदर नळीत तिने मातीचं घर बांधलं होतं, आत अळीसकट. गाडी पावसाळाभर उभी होती, तेवढा वेळ तिला पुष्कळ झाला. झाकण नुसतं सैल लावून घाट चढून बघा. पण पावसात नाही, नाहीतर टाकीत पाणी जाईल.

या तिन्हीतून खूण पटली की मग हात काळे करायचे.

गवंड्याकडे लेव्हल काढायची पारदर्शक नळी असते ना, तीच लागते. वीतभर तुकडा पुरे, तुमच्या पाइपाच्या जाडीला बसेल असा. फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे जाणाऱ्या लाइनमध्ये तो मधे बसवा, दोन्हीकडे क्लिप घट्ट करा, हँडपंप मारून एअर काढा आणि गाडी चालू करा. पहिला मिनिटभर थोडे बुडबुडे येतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. नंतर नळीत डिझेल काचेसारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. रेस दिल्यावर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे सुरू झाले तर चोर सापडला. आता तीच नळी एकेक टप्पा मागे नेत जा: फिल्टरच्या आधी, फीड पंपाच्या आधी, टाकीच्या तोंडाशी. जिथे बुडबुडे दिसायचे थांबतात, त्याच्या आणि आधीच्या जागेच्या मधे भोक आहे.

माझ्या गाडीत ते टाकीपासून हातभर अंतरावर निघालं. लोखंडी पाइपावर रबरी पाइप चढवून क्लिप आवळलेली होती. क्लिपच्या खाली, जिथे नजर पोचतच नाही, तिथे लोखंड गंजून फुगलं होतं. तांडेलांनी नखाने खरवडलं तर तपकिरी पापुद्रा निघून आला आणि खाली सुईच्या टोकाएवढं भोक. समुद्राकडच्या हवेत लोखंडाचं असंच होतं. उघडा भाग गंजतो तो दिसतो तरी, पण क्लॅम्पखाली खारट ओल अडकून राहते आणि तिथे आधी खातं. तुमच्या गाडीच्या चेसिसवरून जिथे जिथे डिझेलचा पाइप पट्टीने धरलाय, ती प्रत्येक पट्टी सोडून खाली बघा.

बुडबुडे दिसतात पण जागा सापडत नाही, असं झालं तर उलटी चाल करा. लाइनचं टाकीकडचं टोक सोडवून बोल्ट घालून बंद करा आणि दुसऱ्या टोकाने सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावा. ओढीत जे भोक गप्प बसतं ते दाबात बोलायला लागतं, फेसाचा फुगा येतो. कॉम्प्रेसर लावू नका, जुने रबरी पाइप फुटतील.

नळीत बुडबुडे अजिबात नाहीत, पण रेस दिल्यावर डिझेलची धार बारीक होते आणि गाडी बसते, असं असेल तर लाइन तुंबलेली आहे. टाकीकडची लाइन फीड पंपापाशी सोडवा, टाकीचं झाकण उघडा आणि सायकलच्या पंपाने मागे टाकीत हवा सोडा. दुसऱ्या माणसाने टाकीच्या तोंडाशी कान लावावा. मोकळा गुडगुड आवाज आला पाहिजे. आधी अडलं आणि मग एकदम भसकन मोकळं झालं, तर टाकीतल्या जाळीवर कचरा बसलाय. तुमचं "पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालते" हे लक्षण या दुखण्यालाही तंतोतंत लागू पडतं, हे विसरू नका. इंजिन ओढत असतं तोवर गंजाचे पापुद्रे जाळीला चिकटून राहतात. बंद केलं की सुटून खाली बसतात. परत ओढ लागली की परत चिकटतात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे टाकीला एक दिवस सुट्टी द्यायची. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल घ्या, कॅन इंजिनपेक्षा थोडा उंचावर नीट बांधा, फीडचा पाइप आणि रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) पाइप दोन्ही त्यात सोडा. (रिटर्न विसरलात तर अर्धं डिझेल जुन्या टाकीत जाईल आणि कॅन रिकामा का झाला याचा तपास करत बसाल. मी बसलोय.) कॅन सायलेन्सरच्या आणि मॅनिफोल्डच्या जवळ येता कामा नये. आता लोड घालून जवळचा चढ चढा. गाडी वाघासारखी चढली तर दुखणं टाकीत किंवा तिथून येणाऱ्या पाइपात. कॅनवरही बसली तरच पुढे फिल्टर, पंप, नोझलकडे संशयाने बघायचं. पंप उतरवा म्हणणाऱ्या माणसाला आधी विचारा की कॅन लावून बघितलं का.

टाकी उघडणारच असाल तर पाण्याचंही बघून घ्या. टाकीच्या खालच्या बोल्टमधून पहिलं अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत काढा आणि तासभर हलवू नका. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी वेगळं दिसेल. दोघांच्या मधे काळपट, शेंबडासारखा थर दिसला तर तो जिवाणू आणि बुरशीचा आहे. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे तो वाढतो आणि नवा फिल्टर चार दिवसांत बुजवतो. आपल्या दमट हवेत अर्ध्या टाकीने गाडी महिनोन्महिने उभी ठेवणं म्हणजे या मंडळींना भाड्याने घर देणं. गाडी जुनी घेतलेली असेल तर ती 22 जुलै 2021च्या चिपळूणच्या पुरात उभी होती का हेही विचारा. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्यात, पण टाकीच्या तळाचा गाळ कोण धुतंय?

टाकी गंजलेली निघाली तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा घातक असते, आत राहिलेली वाफ पेटते. शक्य असेल तर दुसरी टाकीच बघा.

पंप खरंच गेला असेल तर तो वेगळ्या खुणा दाखवतो. थंड असताना गाडी पटकन चालू होते, पण तापल्यावर बंद केली की होत नाही. अशा वेळी पंपावर थंड पाण्याचं ओलं फडकं टाका आणि पाच मिनिटांनी सेल्फ मारा. चालू झाली तर पंपाचे आतले भाग झिजलेत: गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून निसटतं आणि दाब तयार होत नाही. तुमचं उलटं आहे, थंड असताना त्रास आहे. दुसरी खूण, डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली आणि ऑइलला डिझेलचा वास. असं असेल तर गाडी चालवूच नका, पातळ ऑइलवर इंजिन जाम होतं.

रोटरी पंपावर एक सोलेनॉइड (डिझेल सोडणारी-बंद करणारी विजेची झडप) असतो, चावी फिरवली की टक् असा आवाज करतो. त्याची वायर आपल्या खाऱ्या हवेत हिरवी पडते आणि खड्ड्यात करंट सुटतो. तुमची गाडी हळूहळू बसते, फटकन बंद होत नाही, म्हणून मी त्याला मागे ठेवलं. तरी टर्मिनल घासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ॲक्सिलेटरची केबल पूर्ण ओढली जाते का हेही बघा. एका माणसाने इंजिन उघडलं आणि दुखणं पायाखालच्या मॅटमध्ये निघालं, अशी गोष्ट प्रत्येक नाक्यावर असते.

नोझल तपासायचे असतील तर गाडी मंद चालू ठेवून एकेका नोझलचा नट पाऊण फेरा सैल करतात. ज्या नोझलला आवाज पडतो तो चांगला, ज्याला काही फरक पडत नाही तो सिलिंडर मुळातच काम करत नाही. पण हे फक्त जुन्या मेकॅनिकल पंपवाल्या गाडीवर. कॉमन रेल (नव्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या) गाडीत तो दाब हजार बारच्या वर असतो, तिथे नटाला हातही लावायचा नाही. आणि जुन्या गाडीतही धारेपुढे बोट आणू नका. नोझल साधारण दोनशे बारला उघडतो, ती धार कातडी फोडून आत शिरते. गळती बघायची तर पुठ्ठा धरा.

सगळं जोडून झाल्यावर बँजोचे तांब्याचे वॉशर नवे घाला. चार-पाच रुपयांची वस्तू आहे, पण एकदा दाबलेला वॉशर कडक होतो आणि पुन्हा नीट बसत नाही. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हँडपंप मारत राहायचं, फेस थांबून सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. आधी हात थांबवला तर हवा परत आत.

आणि इंजिन "साफ" व्हावं म्हणून टाकीत रॉकेल घालायचा सल्ला नाक्यावर मिळेल, तो ऐकू नका. रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच असतं, दुसरं ऑइल आत नसतं. 2020च्या एप्रिलपासून देशभर बीएस-6चं डिझेल आहे, त्यात गंधक 10 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फार तर 10. गंधक काढताना डिझेलचं वंगणही कमी होतं आणि कंपन्या ते वेगळं द्रव्य घालून भरून काढतात. त्यात तुम्ही रॉकेल मिसळलंत की भरून काढलेलं पुन्हा वाया, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरेल.

लेव्हलच्या नळीचा तुकडा तपास झाला की काढून टाका. डिझेलमध्ये ती नळी महिनाभरात कडक होऊन तडकते आणि तुम्हीच नवं भोक बसवलेलं असतं. मला हे माहीत आहे कारण मी ती तशीच ठेवली होती, बुडबुडे बघायची हौस म्हणून. ज्या गवंड्याची कापली होती तो अजून भेटला की वीतभर नळी मागतो.

उताराची परीक्षा दोन रात्रींत होईल. तोंड खाली लावल्यावर सकाळी किती सेल्फ लागले ते इथेच खाली लिहा, मग पुढचं बघू.